हिशेब मोठ्यानेच वाचणार

हिशेब वाचताना माझा आवाज फार चढतो, अशी माझ्याविरुद्ध तक्रार आहे. तोंडी नाही, चांगली लेखी. आमच्या संस्थेच्या इतिवृत्तात ती नोंदवली आहे: ‘कोषाध्यक्षांनी जमाखर्च सौम्य स्वरात सादर करावा, अशी सूचना करण्यात आली.’ सूचना करण्यात आली हे खरं. मी ती मानली नाही, हे मात्र तिथे कुणी लिहिलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

संस्था कसली, ते आधी सांगते. पाटीवर नाव लांबलचक आहे, काम एवढंसं. काही बाळं जन्मतःच दोन्ही पाय आत वळलेली येतात. सरकारी दवाखान्यात त्यांना दर आठवड्याला नवं प्लास्टर घालतात आणि पाय थोडा थोडा करत सरळ आणतात. त्याचे पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते बाकीच्या गोष्टींना. गाडीभाडं, आईची बुडलेली रोजी, आणि प्लास्टर निघाल्यावर घालायचे बूट. दोन इवले बूट आणि त्यांना जोडणारी एक पट्टी. पोर झोपलं की ते घालायचे, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. पाय वाढला की मोठे घ्यायचे. मध्ये खंड पडला की सरळ झालेला पाय पुन्हा आत वळायला लागतो आणि आधीचं सगळं पाण्यात जातं. आमची संस्था गाडीभाडं देते आणि बूट देते. बाकी काही देत नाही, भाषणं तर मुळीच नाही, असं मला वाटत होतं.

सेलूत बाजाराच्या रस्त्यावर संस्थेची खोली होती, पुढे पत्र्याची पडवी. खोली आमच्या अध्यक्षांची. ते निवृत्त प्राचार्य. त्यांनी ती बिनभाड्याने दिलेली, आणि संस्था काढायची कल्पनाही त्यांचीच. मी बँकेत कॅशियर होते. मी निवृत्त झाले तेव्हा ते घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या हाताला पैशाची सवय आहे, मोह नाही. कोषाध्यक्ष व्हा." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, कुणी असं बोललं की मी विरघळतेच. मी म्हणाले, "होते, पण हिशेब सगळ्यांसमोर वाचणार." ते हसले आणि म्हणाले, "वाचा की." त्यांना वाटलं, वर्षातून एकदा कागदावरची दोन पानं वाचेल आणि चहा होईल.

त्यांना माझं गाव माहीत नव्हतं, हा त्यांचा दोष नाही.

मी बोरीची. आमच्या बौद्धवस्तीत जयंतीची वर्गणी घरटी गोळा व्हायची, आणि जयंती झाली की आठ-दहा दिवसांत विहारासमोर सतरंजी पडायची. वंदना झाली की समितीचा माणूस उभा राहून हिशेब वाचायचा. कुणी किती दिले, कशावर किती गेले. मंडप, बॅटरी, मिरवणुकीतली नीळ, भोजनदानाचं तेल. जो दोन रुपये देणारा, त्यालाही विचारायचा हक्क. विचारायचेही. ट्यूबलाइटच्या भाड्यावरून एकदा असं वाजलं की बायकांनी मध्ये पडून दोघांना घरी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच दोघं एका बैलगाडीतून कापूस घेऊन गेले. भांडण हिशेबाचं होतं, माणसाचं नव्हतं.

माझी माय शेतमजूर. लिहिता-वाचता येत नव्हतं. एका वर्षी ती उठून म्हणाली, "मागच्या साली तेल कमी लागलं होतं, औंदा जास्ती कामून?" समितीवाले शिकलेले, पँटीतले. एकजण म्हणाला, "मावशी, तुला काय समजतंय हिशेबातलं?" माय म्हणाली, "मला तेल समजतंय. मी सैपाक केलाय." सगळी सतरंजी हसली, पण समितीच्या माणसाला तेलाचा आकडा पुन्हा वाचावा लागला. खुलासा बरोबर निघाला, त्या साली पाहुणे जास्त आले होते. माय "बरं" म्हणून बसली. तिने कुणाला चोर म्हटलं नव्हतं आणि कुणी तिचा राग धरला नाही. मी फ्रॉकात होते, पण त्या दिवसापासून मला वाटत आलंय की विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. ज्यांनी आयुष्यात कधी सतरंजीवर बसून हिशेब ऐकला नाही, त्यांनाच विचारलं की अपमान वाटतो.

तर मी आमच्या संस्थेत तेच सुरू केलं. घटनेत कलम होतं, अध्यक्षांनी स्वतःच्या सुंदर भाषेत लिहिलेलं, की वर्षाला दहा रुपये देणारी कोणीही व्यक्ती सर्वसाधारण सभासद होऊ शकते. ते कलम शोभेचं होतं. मी पावतीपुस्तक छापून घेतलं. दर बाजाराच्या दिवशी पडवीत बसायचे. खेड्यांतून आया पोरं घेऊन बूट बघायला यायच्या, पिशव्या ठेवायच्या, माठातलं पाणी प्यायच्या, आणि मी म्हणायचे, "दहा रुपये टाका, पावती घ्या. फुकट घेऊ नका." आजोबा लोक पिंगळीहून पॅसेंजरने नातवाला घेऊन यायचे, तेही पावती घेऊन जायचे. अध्यक्षांना हे आवडत नव्हतं. "मॅडम, ज्यांना द्यायचं त्यांच्याकडूनच दहा रुपये घेता? शोभतं का?" मला शोभत होतं. घेणाऱ्याचा हात खाली असतो, असं म्हणतात. दहा रुपये टाकले की तो निदान बरोबरीला येतो.

आणि दर तीन महिन्यांनी एखाद्या मोकळ्या संध्याकाळी पडवीत हिशेब वाचायचे. मोठ्याने. पोरांची नावं घ्यायची नाहीत, गावं घ्यायची नाहीत, हे माझं मी ठरवलं होतं. ‘एक मूल, बूट, लहान माप.’ बाकी सगळं वाचायचं, अगदी झाडूसुद्धा. ऐकायला शहरातली माणसं यायची, शेजारचा शिंपी, किराणावाला, दोन-तीन शिक्षक, आणि विचारायची. झाडू दोनदा कशाला आणला, यावर एकदा चांगली चर्चा झाली. अध्यक्ष खुर्चीत कडेला बसून छताकडे बघत असायचे. सौम्य स्वराची सूचना त्यानंतरच आली.

ते चोर नव्हते. हे मी सगळ्यांना सांगते, कारण लोकांना गोष्टीत चोर लागतो. चोर असते तर मला सोपं होतं. ते भले होते आणि त्यांना सत्कारांची हौस होती. शाल, श्रीफळ, फेटा, माईक, ‘व्यासपीठावरील मान्यवर’. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ते मोल कुणीतरी भरतंच.

मागच्या वर्षी त्यांना एक मोठा दाता सापडला. मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, आता पुण्यात कारखाना. त्याने शब्द दिला होता. रक्कम खरोखर मोठी होती, आमच्या कैक वर्षांच्या वर्गणीएवढी. त्याची एकच अट अध्यक्षांनी मला सांगितली, आणि ती सांगताना चष्मा पुसत होते: आपल्या पैशाचा हिशेब रस्त्यावर वाचलेला त्याला चालणार नाही. "लेखापरीक्षण होतं, धर्मादाय कार्यालयात हिशेब जातो, अजून काय पाहिजे? कोण कुठला शिंपी उठून विचारतो, हे त्यांना कमीपणाचं वाटतं." आणि रक्कम येण्याआधी त्या दात्याचा जंगी सत्कार करायचा होता. मंगल कार्यालय, जेवण, फेटे, फ्लेक्स. त्यासाठी बुटांच्या खात्यातून पैसे काढायचे. "उसने, मॅडम. महिनाभरात दसपट येतील."

आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणतात ते हेच. त्या खात्यातले पैसे ठरलेले होते. पुढचे बूट मागवायचे होते, काही पोरांचे पाय वाढलेले, टाचा बुटात बसत नव्हत्या. मी म्हणाले, "सर, महिनाभर पाय मोकळा राहिला तर?" ते म्हणाले, "एक महिन्याने काय होतं?" शिकलेला माणूस, स्वतः संस्था काढलेली, आणि एक महिन्याने काय होतं म्हणतो. माझं डोकं फिरलं. चेकवर दोघांच्या सह्या लागायच्या. मी सही केली नाही. त्यांनी चेक माझ्यासमोर सरकवला, मी तो परत सरकवला. मग त्यांनीही बुटांच्या चेकवर सही करायचं थांबवलं. म्हणजे आता पोरांचे पाय आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या मध्ये अडकून बसले.

त्यांनी खास सभा बोलावली. विषय तीन. दहा रुपयांचे सभासद बंद करून फक्त आजीव सभासद ठेवणे, त्याची फी अशी की मीसुद्धा विचारात पडावं. जाहीर हिशेबवाचन बंद करणे. आणि नवा कोषाध्यक्ष निवडणे. दिवस ठेवला बाजाराचा, वेळ भरदुपारची. मला लगेच कळलं का ते. बाजाराच्या दिवशी शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते, किराणावाला गल्ला सोडत नाही. हिशेबाला येऊन बोलणारी सगळी माणसं दुकानात अडकणार. हुशारी होती. फक्त बाजाराच्या दिवशी आमच्या पडवीत कोण बसलेलं असतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ते गर्दी आणि धूळ टाळून घरी पेपर वाचायचे. मी सूचना वाचली, फळ्यावर नीट चिकटवली, आणि एक अक्षर बोलले नाही.

सभेच्या दिवशी दाराशी चपला मावेनात. अध्यक्ष रिक्षातून उतरले आणि थबकले. पडवीत मेथीच्या पेंड्या, रिकामी टोपली, पोरं, आया, आजोबा. त्यांनी मला विचारलं, "हे सगळे आज कसे काय?" मी म्हणाले, "सर, बाजार आहे."

ते खचले नाहीत, उभे राहून छान बोलले. त्यांचा मुद्दा असा की जाहीर वाचनाने आजारी मुलांची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर येते. मुलांचा सन्मान जपला पाहिजे. शब्द इतके सुरेख होते की दोन-तीन जणांनी मान डोलावली. मला भीती वाटली, खरंच वाटली. नाव न घेता वाचते, हे मी ओरडून सांगितलं, तर अध्यक्ष "पाहा, हाच तो स्वर" असं म्हणाले.

तेवढ्यात एक बाई दारातून आत आली. तिला आम्ही दोघंही ओळखत होतो. सेलूजवळच्या खेड्यातली, दीड एकराची शेतकरीण, दर बाजाराला भाजी घेऊन येणारी. तिच्या तीन वर्षांच्या मुलीचे पाय आमच्या बुटांवर सरळ झालेले. तिला सभेचं काही माहीत नव्हतं. ती चौकातून आली होती, आणि चौकात सत्काराचा फ्लेक्स लागला होता. उधारीवर, कारण मी सही दिली नव्हती. फ्लेक्सवर दात्याचा फोटो, अध्यक्षांचा फोटो, आणि खाली कोपऱ्यात तिची मुलगी. तान्ही असतानाची, दोन्ही पाय प्लास्टरात.

"माझ्या लेकीचा फोटू चौकात कामून टांगला?" तिने विचारलं. "पाय नीट व्हायलेत तिचे. उद्या तिचं लगीन करायचंय मला. अन् तुमी तिचे वाकडे पाय सगळ्या गावाला दाखवायलेत."

अध्यक्षांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "बाई, दाते यावेत म्हणून... भावनिक आवाहन असतं ते."

"मला इचारलं का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. सन्मान जपणाऱ्या माणसाला ते सुचलंच नव्हतं. मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि संतापाखाली थोडी दया. इतका वेळ ते बोलत होते ते त्यांना मनापासून खरं वाटत होतं.

ती खाली बसली नाही. "अन् बूट कुठं हायत? टाच आत जाईना गेली तिची. दोन बाजार झाले, मॅडम म्हंत्यात येतील."

"येतील, बाई," अध्यक्ष म्हणाले, "मोठी रक्कम येणार आहे. थोडं थांबा."

"मी थांबते हो. तिचा पाय थांबायलाय का वाढायचा?"

मग अध्यक्ष जे बोलायला नको होतं ते बोलले. हलक्या आवाजात, माझ्याकडे वळून, पण पत्र्याखाली सगळं ऐकू येतं. "लाभार्थ्यांनी हिशेब विचारायचा म्हणजे कमाल आहे."

बाईने कमरेची चंची सोडली. पावती धुतली गेलेली, घडीवर विरलेली, पण आमचा शिक्का दिसत होता. "माझे बी दहा हायत ह्यात," ती म्हणाली. मग एक आजोबा उठले, त्यांनी मोबाइलच्या कव्हरमागून काढली. कुणी पिशवीतून, कुणी पोराच्या टोपड्यात खोचलेली. मी त्यांना शिकवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. मी फक्त घटना उघडून ते कलम वाचलं, अध्यक्षांच्याच सुंदर भाषेतलं, आणि हो, मोठ्याने वाचलं.

हात वर करून मतं झाली. तिन्ही विषय पडले. नंतर बाईने आणखी एक मागणी केली, की बुटाच्या चेकवर सही इथंच व्हावी. अध्यक्षांनी पेन काढलं. त्यांनी सही केली, मी केली.

याची किंमत पडली, तीही सांगते. पुण्याचा दाता आला नाही. फ्लेक्सचे पैसे अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून भरले, एक रुपया संस्थेवर टाकला नाही, आणि मग पद सोडलं. त्यांच्या मुलाने खोली मागितली. आता आम्ही शिंप्याच्या दुकानामागे एका शेडमध्ये बसतो, तिथे माठ ठेवायलाही जागा नाही. बूट पुरवताना दरवेळी ओढाताण होते. "तुमच्या हट्टापायी मोठे पैसे गेले," असं मला तोंडावर सांगणारे चांगले लोक आहेत. मी त्यांना सांगते, गेले. ज्या पैशाला दहा रुपयेवाल्याच्या प्रश्नाची लाज वाटते, तो आला असता तरी त्याच्या मागे आम्हाला जन्मभर फेटे बांधत फिरावं लागलं असतं. मला पश्चात्ताप नाही. रात्री झोप लागते.

पण हे नंतरचं. त्या दुपारी चेकवर सह्या झाल्या, अध्यक्ष रिक्षात बसून गेले, आणि पडवीत टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपण जिंकलो असं मला वाटलं, आता सगळे आपले. सगळे जमलेच आहेत तर तिमाही हिशेब वाचून टाकू म्हणून मी वही घेतली आणि सुरुवात केली. बूट, भाडं, टपाल, मोबाइल रिचार्ज.

"थांबा," ती बाई म्हणाली. ती अजून उभीच होती. "मोबाइल कुणाचा?"

"संस्थेचा," मी म्हणाले.

"तुमच्याच हातात असतो की. तुमचा सोताचा न्हाई का?"

आग लागली मला. हिच्यासाठी मी आत्ता खुर्चीवरून उठवली जायच्या बेतात होते, हिच्या लेकीच्या बुटांसाठी महिनाभर शिव्या खाल्ल्या, आणि ही मला रिचार्ज विचारते? जिभेवर शब्द आला होता. मी तो गिळला. दोन्ही फोन काढून टेबलावर ठेवले. एक माझा, एक संस्थेचा. आयांचे फोन कुठल्या नंबरवर येतात, मुलगी रात्री बूट काढून टाकते म्हणून तिनेच कुठल्या नंबरवर फोन केला होता, ते सांगितलं, आणि आकडा पुन्हा एकदा वाचला.

तिने दोन्ही फोनांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर खोचला आणि मेथीच्या पेंड्यांशेजारी बसली.

"बरं," ती म्हणाली. "वाचा फुडं."